डबा दुपारपर्यंत आंबतो, पोळी वातड होते, अर्धा डबा परत येतो: चूक नेमकी कुठं होते?

कापूस वेचणीच्या दिवसांत चूल पहाटे पाचला पेटते. सहा-साडेसहाला पोळ्या-भाजी उरकते, वावरात जाणाऱ्यांच्या शिदोरीसोबतच शाळेचा डबाही भरला जातो, आणि तो उघडतो दुपारी दीडला. म्हणजे सात तास. तक्रार आली की दोष भाजीला जातो, तेलाला जातो, नाहीतर लेकराच्या नखऱ्याला. सात तास बंद राहणाऱ्या डब्याचं खरं दुखणं मात्र एकच असतं: आत अडकलेलं पाणी. भाजीचा आंबूस वास, पोळीची ओली वातड घडी, झाकणाचा कुबटपणा, सगळं तिथूनच सुरू होतं.

म्हणून काहीही बदलण्याआधी दोन वेळा लिहून काढा: झाकण कधी लागतं आणि डबा कधी उघडतो. सकाळची शाळा असेल तर अंतर दोन-तीन तासांचं असतं. तालुक्याच्या शाळेत मानव विकास या सरकारी योजनेच्या बसनं जाणाऱ्या मुलीचं अंतर सहा-सात तासांचं असतं. या दोघांचा डबा एकसारखा असूच शकत नाही.

शिजलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे राहिलं की त्यात जंतू झपाट्यानं वाढतात. अन्न सुरक्षेचा नेहमीचा नियम असा की ओलं, मऊ, शिजलेलं अन्न या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एकच तास. आता अकोला, चंद्रपूरकडे मार्च सरता सरता पारा चाळिशीला टेकतो. पावसाळ्यात ऊन कमी, पण दमटपणा इतका की मीठसुद्धा पाझरतं. साधा स्टीलचा डबा अन्न गरमही ठेवत नाही, गारही ठेवत नाही. त्यामुळं लांबच्या शाळेसाठी भाजी टिकवण्याची युक्ती शोधण्यापेक्षा पदार्थच कोरडा निवडणं जास्त भरवशाचं.

भाजीला वास येतो किंवा चमच्याला तार सुटते

कढईतून थेट डब्यात, आणि वरून लगेच झाकण, ही सर्वांत मोठी चूक. वाफ झाकणाला लागते, थेंब होतात, थेंब भाजीवर पडतात. भाजी तासन्‌तास कोमट आणि ओली राहते. जंतूंना याहून सोयीची जागा नाही.

भाजी आधी पूर्ण आटवा. कढईच्या तळाशी चमच्यानं एक रेघ ओढा. रेघेत दोन्ही बाजूंनी पाणी येऊन मिळालं तर भाजी डब्याची झालेली नाही, आणखी तीन-चार मिनिटं झाकण काढून परता. डब्यापुरता वाटा सगळ्यांत आधी, कुणी चव घेण्याआधी, कोरड्या चमच्यानं परातीत काढा. बोटभर जाडीपेक्षा जास्त थर नको. वर पातळ सुती फडकं टाका म्हणजे माश्या बसणार नाहीत. पंख्याखाली पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वीज गेली असेल तर ती परात गार पाणी भरलेल्या मोठ्या घमेल्यात टेकवून ठेवा, फक्त पाणी आत उडू देऊ नका. भाजी भरल्यावर डब्याच्या बुडाला हाताची मागची बाजू लावून पाहा. बूड कोमट लागलं तर अजून पाच मिनिटं झाकण नको.

या पंधरा मिनिटांसाठी वेळ काढायचा तर कामाचा क्रम बदलावा लागतो: आधी भाजी, मग पोळ्या. पोळ्या होईस्तोवर भाजी आपोआप निवते. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं.

वेचणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांची टोकं लागून बोटं चिरलेली असतात. चिरलेल्या, पिकलेल्या बोटावर स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू असतात. ते अन्नात पडून वाढले की जे विष तयार करतात ते पुन्हा उकळूनही जात नाही. कणीक मळायला हरकत नाही, कारण जंतू वाढून विष तयार होण्याआधीच पोळी तव्यावर भाजली जाते. पण शिजलेली भाजी, लाडू, पोळीचा रोल यांना चिरलेलं बोट लागू नये. पट्टी बांधा आणि चमचा, चिमटा वापरा, नाहीतर भरण्याचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी धुतलेल्या हातांना द्या.

डब्याला चांगल्या भाज्या म्हणजे भेंडी, गवार, आलूचे परतलेले काप, वांग्याचे काप आणि पीठ पेरलेल्या भाज्या. पीठ पेरणं ही आपल्याकडची जुनी रीत डब्यासाठी फार उपयोगाची, कारण बेसन भाजीचं उरलेलं पाणी शोषून घेतं. एक वाटी मेथी, पत्ताकोबी किंवा कांद्याची पात असेल तर एक मोठा चमचा बेसन, झाकून पाच मिनिटं वाफ आणि मग उघड्यावर दोन-तीन मिनिटं परतणं. बेसन कच्चं राहिलं तर लेकराचं पोट दुखेल, त्यामुळं घाई नको. टमाटर-कांद्याचा रस्सा, ओलं खोबरं, दही घातलेली भाजी, उकडलेला कुस्करलेला आलू, हे घरी ताटात वाढा. वरून भुरभुरवलेला कच्चा सांबार, म्हणजे कोथिंबीर, डब्याच्या भाजीवर टाकू नका. पानांतलं पाणी सुटतं आणि वास लवकर येतो.

तेल जास्त ओतलं की भाजी टिकते असा समज आहे. तेलानं फक्त वह्या खराब होतात. पाणी आटलं तरच भाजी टिकते.

भात, फोडणीचा भात, मोड आलेलं कडधान्य

रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन डब्यात भरणं थांबवा, हे आग्रहानं सांगावंसं वाटतं. तांदळात बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्यानं मरत नाहीत. भात रात्रभर पातेल्यात कोमट पडून राहिला की ते जागे होतात, वाढतात, आणि उलटी करवणारं विष सोडतात. सकाळची कडकडीत फोडणी त्या विषाचं काही बिघडवू शकत नाही. वास येत नाही, चव बदलत नाही, म्हणून तर धोका जास्त. लिंबू पिळल्यानंही आधीच झालेलं विष जात नाही. भात द्यायचाच असेल तर सकाळी ताजा शिजवलेला, परातीत मोकळा करून निववलेला, आणि दोन तासांच्या आत खाल्ला जाईल अशाच वेळी. उन्हाळ्यात आणि भर पावसाळ्यात डब्यात भात नकोच.

मोड आलेली मटकी-मूग कच्चे देऊ नका. ज्या ऊबेत मोड येतात त्याच ऊबेत जंतूही वाढतात. किमान दहा मिनिटं उकळा, पाणी पूर्ण निथळा, मग फोडणीत कोरडे होईस्तोवर परता.

उकडलेलं अंडं छोट्या सुट्टीत, दोन तासांच्या आत खाल्लं जाणार असेल तरच द्या. पाणी उकळल्यापासून बारा मिनिटं, आणि कवच न तडकलेलं, न सोललेलं.

पोळी वातड होते, भाकर कडक होते

पोळीचे दोन बिघाड वेगवेगळे आहेत. पोळी ओली आणि रबरासारखी झाली असेल तर ती गरम असताना घडी घालून डब्यात गेली. पोळी कोरडी, कडेला पापडासारखी झाली असेल तर ती मंद आचेवर फार वेळ भाजली गेली किंवा कणीक घट्ट होती. दोन वाट्या कणकेला दोन छोटे चमचे तेल आणि कोमट पाणी घ्या, नेहमीपेक्षा किंचित सैल मळा, वीस मिनिटं झाकून ठेवा. तवा चांगला तापू द्या आणि पोळी लवकर भाजा. काढली की एकावर एक थप्पी न लावता सुपात किंवा जाळीवर दोन-तीन मिनिटं पसरवा, मग पुसटसं तेल लावून कोरड्या मऊ सुती फडक्यात गुंडाळा. फडकं रोज धुतलेलं आणि उन्हात वाळलेलं हवं. कालचंच फडकं आज वापरलं तर सगळी मेहनत वाया.

वर्तमानपत्रात पोळी गुंडाळू नका. छपाईच्या शाईत शिशासारखे जड धातू असू शकतात आणि तेलकट, गरम पदार्थ ती शाई ओढून घेतो. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेचीही याला मनाई आहे.

ज्वारीच्या भाकरीचं गणित निराळं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, आणि भाकर निवली की तिच्यातला स्टार्च घट्ट होतो. त्यामुळं पहाटेची भाकर दीड वाजता लहान दातांना जड जाणारच. पीठ उकळत्या पाण्यात भिजवलं तर थोडा फरक पडतो, दळण आठ-दहा दिवसांच्या आतलं असेल तर आणखी थोडा. त्याहून सोपं म्हणजे डब्यासाठी त्याच पिठाचं थालीपीठ लावणं: दोन वाट्या ज्वारीचं पीठ, पाऊण वाटी कणीक, पाव वाटी बेसन, एक चमचा तीळ, ओवा, मीठ, हळद, थोडं तिखट. कांदा अगदी बारीक चिरून तेलात परतून घाला. कच्चा घातला तर पाणी सुटून थालीपीठ दुपारी आंबूस लागतं. दोन्ही बाजू खरपूस, मधे ओलं राहायला नको.

सोबत जवसाची चटणी चांगली. एक वाटी जवस मंद आचेवर तडतडेस्तोवर भाजा, सहा-सात लसूण पाकळ्या तेलाच्या थेंबावर कोरड्या होईपर्यंत परता, लहान मुलांसाठी दोनच सुक्या मिरच्या, जिरं, मीठ, आणि सगळं निवल्यावर कुटा. जवसाचं तेल लवकर खवट होतं, म्हणून उन्हाळ्यात एका आठवड्यापुरतीच करा.

धुतल्यावरही डब्याला वास येतो

डबा नाही, झाकणातलं रबरी वायसर पाहा. सुईच्या बोथट बाजूनं ते रोज बाहेर काढा. खाचेत तेलकट काळा थर दिसेल, जुन्या ब्रशनं घासा. आठवड्यातून एकदा वायसर गरम पाण्यात एक चमचा खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवा आणि उन्हात वाळवा. चिरलेलं, चिकट झालेलं वायसर बदला. शाळेतून आलेला डबा दप्तरातच रात्रभर राहिला तर कुठलाही उपाय चालत नाही; घरी आल्या आल्या उघडून पाणी टाकायची सवय लेकरालाच लावा. प्लॅस्टिकच्या डब्यात गरम तेलकट भाजी नको. वास आणि हळद दोन्ही त्यात मुरतात. कल्हई उडालेल्या पितळी डब्यात आणि ॲल्युमिनियमच्या डब्यात आंबट पदार्थ ठेवू नयेत. साधा स्टीलचा, रुंद तोंडाचा डबा सगळ्यांत बरा.

अर्धा डबा परत येतो

इथं बहुतेक आईबाप पदार्थ बदलत सुटतात. आधी पाच दिवस फक्त पाहा: परत काय येतं. पोळी राहते आणि भाजी संपते, की उलट? दोन्ही राहतात?

दोन्ही राहत असतील आणि मूल पहिली ते आठवीत, अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल, तर त्यानं शाळेत पोषण आहार खाल्लेला असतो. पाचवीपर्यंत त्या जेवणातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीत ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे. गरम खिचडी समोर असताना गार पोळी कोण खाईल? अशा मुलाला पूर्ण डबा देऊच नका. दोन छोट्या डब्या द्या: एक छोट्या सुट्टीसाठी, एक शाळा सुटल्यावर वाटेत खायला. घराकडं येताना फाट्यावरच्या दुकानातली पाच रुपयांची चुरचुरीत पुडी घेतली जाते ती याच वेळच्या भुकेनं.

पोळी राहत असेल तर वेळ कमी पडतो आहे. घरी एकदा घड्याळ लावून पाहा. पंधरा मिनिटांत लेकरू स्वतः झाकण उघडून, हात धुऊन, किती खातं? सहा-सात वर्षांच्या हातांना घट्ट क्लिप उघडत नाही, आणि ते कुणाला सांगतही नाही. मोठ्या पोळीऐवजी तळहाताएवढ्या पोळ्या करा, नाहीतर पोळीला चटणी किंवा कोरडी भाजी लावून गुंडाळी करा आणि मधून कापा. कधी कधी कारण लाजेचंही असतं: बाकीच्यांकडे पोळी आणि याच्याकडं भाकर. त्यासाठी रागावू नका. तीच ज्वारी थालीपिठातून किंवा धिरड्यातून गेली तर पोटात तेवढीच जाते.

डबा संपतो, तरी चारला पोट रिकामं

नुसती पोळी आणि आलूची भाजी म्हणजे पिठासोबत पीठ. भूक भागून टिकायला डाळ, दाणे, थोडं तेल लागतं. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं लागतात; तेरा ते पंधराच्या मुलीला २४०० आणि ४३ ग्रॅम, मुलाला त्याहून जास्त. एक तृतीयांश डब्यातून जावं असं धरलं तर आठ वर्षांच्या मुलाचा डबा असा होतो: तीन लहान पोळ्या, त्यांना मिळून एक छोटा चमचा तेल, अर्धी वाटी कोरडी उसळ किंवा घट्ट परतलेलं बेसन, आणि एक दाण्याचा लाडू. नववी-दहावीच्या मुलांना शाळेत आहार मिळत नाही आणि वाढीचं वय तेच, त्यांना याच्या दीडपट द्या.

लाडवाचं प्रमाण: एक वाटी भाजलेले फल्लीदाणे (शेंगदाणे), पाव वाटी भाजलेले तीळ, पाऊण वाटी किसलेला गूळ. दाणे थोडे भरडच कुटा, दाण्याचं तेल सुटलं की तूप लागत नाही. याचे दहा लाडू होतात आणि एकेका लाडवात सुमारे १५० कॅलरी जातात. पाण्याचा अंश नसल्यानं हवाबंद डब्यात पंधरा दिवस टिकतात. डबीतल्या खाऊसाठी फुटाणे-गूळ, भाजक्या पोह्यांचा चिवडा, राजगिऱ्याची वडी. फळ अख्खं, न सोललेलं, न कापलेलं: संत्रं, केळ, बोरं, जाम म्हणजे पेरू. संत्रं, जाम किंवा आवळा उसळीसोबत खाल्ला की डाळीतलं लोह अंगी लागतं. जेवणाला लागून चहा मात्र नको, तो तेच लोह अडवतो.

दाण्यांबद्दल एक सूचना कडक आहे. पावसाळ्यात ओल लागलेले, काळपट, सुरकुतलेले, कडवट फल्लीदाणे निवडून फेका. त्यांच्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असतं आणि भाजल्यानं जात नाही. कोंबड्यांनाही टाकू नका. आणि पाच वर्षांखालच्या, अंगणवाडीच्या लेकरांना अख्खे दाणे-फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्या.

फवारणीच्या दिवसांत

२०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. तेच औषध डब्यापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. शाळेचा डबा, पाण्याची बाटली आणि दप्तर फवारणीचा पंप, औषधाच्या बाटल्या, फवारणीचे कपडे असलेल्या खोलीत टांगू नका. औषधाचा रिकामा कॅन किंवा बाटली कितीही धुतली तरी पाणी, तेल, दाणे ठेवायला वापरू नका. भोकं पाडून निकामी करा. फवारणी करून आलेल्या माणसानं साबणानं अंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय डबा भरू नये. सांबार, मेथी, कांद्याची पात कपाशीच्या बांधावरून आणलेली असेल तर त्या आठवड्यात तिथं फवारणी झाली का ते आधी विचारा. झाली असेल तर ती भाजी आणूच नका.

डबा खाऊन उलटी-जुलाब झाले तर

खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर बहुधा अन्नातल्या विषाचा प्रकार असतो. उकळून निववलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ विरघळवा, किंवा आशाताईंकडून ओआरएसची पुडी घ्या. घोट घोट पाजा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. लघवी बंद होणं, डोळे खोल जाणं, सुस्ती, जुलाबात रक्त, पाणीही पोटात न ठरणं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या किंवा १०८ला फोन करा. तोंडाला लाळ-फेस येत असेल, बाहुल्या बारीक झाल्या असतील आणि फवारणीचे दिवस असतील तर दूध-लिंबूपाणी पाजत बसू नका, उलटी करवू नका. औषधाची बाटली लेबलासकट सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा, आणि उरलेला डबाही टाकून न देता तसाच डॉक्टरांना दाखवा.